अतिनील किरणे आणि त्वचा : टॅनिंग बेड ते प्रकाशोपचार
(बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
त्वचेचा रंग निसर्ग देतो. त्याचे मोल मात्र समाज ठरवितो. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या त्वचेवर तपकिरी छटा आणण्यासाठी अतिनील किरणांच्या नळ्या बसविलेल्या पलंगावर झोपण्याची प्रथा रूढ झाली. हाच तो 'टॅनिंग बेड' होय. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाला या यंत्राचे प्रयोजन सांगितले तर ते हसण्यावारी नेईल. जेथे वेचणीला जाणारी स्त्री अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून आणि चेहऱ्याला रुमाल बांधून उन्हापासून बचाव करते, तेथे पैसे मोजून काळे होण्याची कल्पना कोणाच्या मनात येणार?

तथापि याच जातीचे यंत्र भारतात एका वेगळ्या कारणासाठी वापरले जाते. कोड म्हणजेच त्वचेवरील पांढरे डाग, तसेच सोरायसिस यांसारख्या विकारांवर त्वचारोगतज्ज्ञ अतिनील किरणांचा उपचार करतात. रुग्ण नळ्यांनी वेढलेल्या कक्षात काही सेकंद वा मिनिटे उभा राहतो. बाहेरून पाहता टॅनिंग बेड आणि हा कक्ष यांत फारसा फरक दिसत नाही. आतील किरण, त्यांची मात्रा आणि वापरण्यामागील हेतू मात्र अगदी भिन्न आहेत. हा फरक समजला नाही तर दोन प्रकारचे नुकसान संभवते. एक म्हणजे भीतीपोटी उपयुक्त उपचार टाळला जातो आणि दुसरे म्हणजे अतिविश्वासापोटी घरगुती प्रयोग करून त्वचा भाजून घेतली जाते. प्रस्तुत लेखात या किरणांचे कार्य, टॅनिंग बेडबाबतचा जागतिक अनुभव, प्रकाशोपचाराची पद्धती आणि प्रथमच उपचार घेणाऱ्याने पाळावयाची पथ्ये यांचे विवेचन केले आहे.

१) अतिनील किरणांचे स्वरूप :
सूर्यप्रकाशातील जांभळ्या रंगापलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांना अतिनील किरणे म्हणतात. त्यांचे तरंगलांबीनुसार तीन गट पडतात. सुमारे ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीची किरणे 'यूव्हीए', २८० ते ३२० नॅनोमीटरची 'यूव्हीबी' आणि त्याहून आखूड ती 'यूव्हीसी'. यूव्हीसी किरणे वातावरणातच शोषली जातात. यूव्हीबीचा बराचसा भाग ओझोनचा थर अडवितो. जो उरतो तो त्वचेच्या वरच्या थरात शिरतो. ऊन लागून त्वचा लाल होणे आणि शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होणे ही दोन्ही कामे प्रामुख्याने त्याचीच. यूव्हीए त्वचेत अधिक खोल जाते. ती सहजासहजी भाजत नाही. म्हणूनच ती निरुपद्रवी असल्याचा गैरसमज पसरला. प्रत्यक्षात त्वचेतील तंतू सैल होणे, सुरकुत्या पडणे व पेशींच्या जनुकद्रव्याची हानी होणे यांत तिचा मोठा वाटा आहे.

साधी काच यूव्हीबीला जवळजवळ पूर्णपणे अडविते, परंतु यूव्हीएचा बराच भाग आत येऊ देते. म्हणून बंद खिडकीशी बसून 'ड' जीवनसत्त्व मिळत नाही, मात्र त्वचेचे वय वाढत राहते. ढगाळ दिवशीही ही किरणे पुष्कळ प्रमाणात जमिनीवर पोहोचतात. ऊन जाणवते ते उष्णतेमुळे, आणि त्वचेचे नुकसान होते ते अतिनील किरणांमुळे. या दोन गोष्टी नेहमी एकत्र असतातच असे नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२) त्वचा काळवंडते तेव्हा नेमके काय घडते? :
त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवितात. हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते आणि जनुकद्रव्याचे रक्षण करते. यूव्हीए पडताच आधीच असलेले मेलॅनिन गडद होते. हा परिणाम लगेच दिसतो, पण त्यात नवे संरक्षण काहीच नसते. यूव्हीबीमुळे येणारा काळसरपणा दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो. यूव्हीबीचा आघात पेशीतील डीएनएवर होतो, त्याचे धागे जागोजागी चुकीचे जोडले जातात, ही हानी ओळखणारी प्रथिने जागी होतात आणि रंगपेशींना अधिक मेलॅनिन बनविण्याचा संदेश जातो.

याचा अर्थ स्पष्ट आहे. काळवंडणे ही आरोग्याची खूण नसून झालेल्या हानीला शरीराने दिलेले उत्तर आहे. 'आधी थोडे टॅन करून घेतले की पुढे ऊन बाधत नाही' असा जो समज पाश्चात्त्य देशांत आढळतो, त्यात तथ्य अल्प आहे. अशा टॅनमुळे मिळणारे संरक्षण सनस्क्रीनच्या तीन-चार एसपीएफइतकेच असते, आणि ते मिळविण्याची किंमत हानीच्या रूपाने अगोदरच चुकती झालेली असते.

३) टॅनिंग बेड : जगाने घेतलेला धडा :
टॅनिंग बेडचा व्यवसाय १९७० च्या दशकात वाढीस लागला. त्यातील नळ्या मुख्यत्वे यूव्हीए सोडतात आणि शक्तिशाली यंत्रांत तिची तीव्रता दुपारच्या उन्हातील यूव्हीएच्या दहा ते पंधरा पट असू शकते. 'नियंत्रित मात्रा म्हणजे सुरक्षित टॅन' असा प्रचार विक्रेत्यांनी केला. पहिल्यांदा येणाऱ्याने त्वचेचा प्रकार पाहून थोड्या वेळाने सुरुवात करावी, डोळ्यांवर चष्मा लावावा, दोन सत्रांत अंतर ठेवावे असे नियम सांगितले गेले. या नियमांनी त्वचा भाजण्याचे प्रसंग कमी होतात हे खरे. परंतु न भाजता साचत जाणारी हानी त्यांनी टळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये अतिनील किरणे सोडणाऱ्या टॅनिंग यंत्रांना मानवी कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. तरुण वयात या यंत्रांचा वापर सुरू करणाऱ्यांत मेलॅनोमा या घातक त्वचाकर्करोगाचा धोका लक्षणीयरीत्या वाढतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले. ब्राझीलने २००९ मध्येच सौंदर्यासाठी होणाऱ्या वापरावर बंदी घातली. इंग्लंड व वेल्समध्ये २०१० च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तींना मनाई झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तींनी ही यंत्रे वापरू नयेत असा ठळक इशारा यंत्रावर बंधनकारक केला. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांनी २०१५ च्या प्रारंभापासून व्यावसायिक टॅनिंग केंद्रे बंद केली.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने मेलॅनोमाचे प्रमाण कमी असते. त्यामुळे परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याला हे यंत्र आपल्यासाठी निर्धोक वाटू शकते. परंतु डोळ्यांची इजा, अकाली सुरकुत्या, वांगाचे डाग आणि काही औषधांसोबत होणारी तीव्र प्रतिक्रिया यांपासून सावळा रंग वाचवीत नाही. 'ड' जीवनसत्त्वासाठीही या पलंगाचा भरवसा नाही. कारण ते जीवनसत्त्व यूव्हीबीने तयार होते आणि या नळ्या बहुतांशी यूव्हीए देतात. थोडक्यात, सौंदर्यासाठी होणाऱ्या वापराची सुरक्षित पद्धत शोधण्यापेक्षा तो वापरच न करणे शहाणपणाचे आहे.

४) बावचीपासून नळीपर्यंत : उपचाराचा इतिहास :
प्रकाशाने त्वचारोग बरा करण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. आयुर्वेदात श्वित्र या विकारावर बावचीच्या बियांचा लेप व त्यानंतर ऊन घेणे असा उपचार सांगितला आहे. या उपचारामागील रासायनिक कारण विसाव्या शतकात उलगडले. १९३० च्या दशकात भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरॅलेन हे द्रव्य वेगळे केले. सोरॅलेन अंधारात बहुतांशी निष्क्रिय असते. यूव्हीए पडताच ते पेशींच्या डीएनएशी जोडले जाते आणि त्वचेची प्रकाशाला होणारी प्रतिक्रिया अनेक पटींनी वाढविते.

युरोपात डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा यशस्वी वापर केला. त्यासाठी त्यांना १९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० च्या दशकात इजिप्तमधील डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी नाईल नदीकाठच्या एका वनस्पतीतून मिळणारे सोरॅलेन गटातील औषध कोडावर वापरले. १९७४ मध्ये अमेरिकेत पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी सोरॅलेनची गोळी व यूव्हीए नळ्या यांचा संयोग सोरायसिसवर परिणामकारक असल्याचे दाखविले. या संशोधकांत मधू पाठक हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही होते. हीच 'पुवा' पद्धती. पुढे ३११ नॅनोमीटरच्या आसपासची अरुंद पट्ट्यातील यूव्हीबी सोडणारी नळी तयार झाली. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ती कोडावर उपयुक्त असल्याचे प्रसिद्ध केले. या 'नॅरोबँड यूव्हीबी' पद्धतीत गोळी घ्यावी लागत नाही. त्यामुळे मळमळ होत नाही आणि उपचारानंतर दिवसभर काळा चष्मा लावावा लागत नाही. लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांनाही वैद्यकीय देखरेखीखाली ती देता येते. शरीरभर पसरलेल्या कोडासाठी आज हीच पद्धती प्रथम पसंतीची मानली जाते.

५) मात्रेचे गणित :
कोडात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच रंगपेशी नष्ट करते. नॅरोबँड यूव्हीबी हा हल्ला मंदावते आणि केसांच्या मुळाशी शिल्लक राहिलेल्या मूळ रंगपेशींना चेतविते. म्हणूनच सुधारणा सुरू होताना पांढऱ्या डागात प्रथम केसांभोवती तपकिरी ठिपके उमटतात व नंतर ते एकमेकांत मिसळतात. ज्या भागात केस विरळ वा नसतातच, उदाहरणार्थ बोटांची टोके, तळवे आणि ओठ, तेथे प्रतिसाद कमी मिळतो. चेहरा व मान येथे तो सर्वांत चांगला असतो.

या उपचाराचा गाभा मात्रेत आहे. मात्रा म्हणजे नळ्यांची तीव्रता गुणिले काळ. ती प्रति चौरस सेंटिमीटर मिलिज्यूलमध्ये मोजतात. कोडाच्या रुग्णात बहुधा २०० मिलिज्यूलच्या आसपास सुरुवात करून प्रत्येक सत्रात दहा ते वीस टक्के वाढ केली जाते. समजा, कक्षातील तीव्रता प्रति चौरस सेंटिमीटर ५ मिलिवॅट आहे, तर २०० मिलिज्यूलसाठी ४० सेकंद पुरतात. नळ्या जुन्या होऊन तीव्रता ४ मिलिवॅटवर आली, तर त्याच मात्रेसाठी ५० सेकंद लागतील. उलट जुन्या नळ्या बदलून नव्या बसविल्या आणि वेळ मात्र तोच ठेवला, तर रुग्णाला नकळत जादा मात्रा मिळेल. म्हणून चांगल्या केंद्रात तीव्रता ठरावीक काळाने मापकाने तपासली जाते. 'किती मिनिटे घेतले' यापेक्षा 'किती मिलिज्यूल घेतले' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच.

वाढीचे प्रमाणही चक्रवाढ व्याजासारखे चालते. २०० पासून दर वेळी दहा टक्के वाढविले तर दहा वाढींनंतर मात्रा सुमारे ५१९ होते. वीस टक्के वाढविले तर ती सुमारे १,२३८ वर जाते. सावकाराच्या व्याजाचा अनुभव असलेल्या समाजाला हे गणित वेगळे शिकविण्याची गरज नाही. घाईने केलेली छोटी वाढ पुढे मोठी होते, एवढेच सांगणे पुरेसे आहे.

यूव्हीबीमुळे येणारी लाली १२ ते २४ तासांत शिगेला पोहोचते. सकाळी उपचार घेतला तर त्याचा खरा परिणाम रात्री वा दुसऱ्या दिवशी कळतो. लागोपाठ दोन दिवस सत्र का देत नाहीत, याचे उत्तर येथे आहे. आठवड्यातून दोन किंवा तीन सत्रे, मध्ये किमान एक दिवसाचा खंड, असा क्रम ठेवला जातो. पुवा पद्धतीत लाली अधिकच उशिरा, दोन-तीन दिवसांनी येते. त्यामुळे तेथे अधिक सावधगिरी लागते.

६) प्रथम उपचार घेणाऱ्याने पाळावयाची पथ्ये :
अ) निदान प्रथम : प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. शिबे, बुरशीजन्य डाग, भाजल्याच्या खुणा आणि क्वचित कुष्ठरोगाचा फिकट, बधिर चट्टा यांची गल्लत होऊ शकते. त्वचारोगतज्ज्ञाने तपासल्याशिवाय किरण घेऊ नयेत.

आ) औषधांची माहिती द्यावी : डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके, रक्तदाबावरील काही लघवी वाढविणारी गोळ्या-औषधे तसेच अनेक वनस्पतिजन्य लेप त्वचेला प्रकाशसंवेदी बनवितात. वैदूकडून घेतलेली पुडीही डॉक्टरांपासून लपवू नये. ल्युपस हा विकार किंवा पूर्वीचा त्वचाकर्करोग असल्यास हा उपचार सहसा टाळला जातो.

इ) डोळे व नाजूक भाग झाकावेत : कक्षात असेपर्यंत संरक्षक चष्मा काढू नये. पुरुषांनी जननेंद्रिये झाकावीत. चेहऱ्यावर डाग नसतील तर चेहराही झाकावा. प्रत्येक वेळी तेच कपडे व तीच स्थिती असावी. एखाद्या वेळी बाही वर सरकली तर पूर्वी कधी किरण न लागलेली त्वचा वाढलेल्या मात्रेला एकदम सामोरी जाते.

ई) उपचारापूर्वी अत्तर, सुगंधी तेल वा जाड मलम लावू नये.

उ) दुसऱ्या दिवशीच्या रंगाची नोंद ठेवावी : डागावर फिकट गुलाबी छटा येऊन ती २४ तासांत मावळली तर मात्रा योग्य समजावी. लाली टिकली, आग झाली किंवा फोड आले तर पुढील सत्र घेऊ नये आणि डॉक्टरांना कळवावे. 'फोड आले म्हणजे औषध लागू पडले' ही समजूत घातक आहे.

ऊ) खंड पडल्यास सांगावे : आठवड्याहून अधिक खंड पडला तर मात्रा कमी करावी लागते, तीन आठवड्यांहून अधिक पडला तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात करतात. पेरणीच्या दिवसांत राहिलेली सत्रे लपवून जुन्याच मात्रेवर उभे राहणे म्हणजे भाजण्याला निमंत्रण होय.

ए) त्याच दिवशी दुपारचे ऊन टाळावे : कक्षातील मात्रा मोजलेली असते, रस्त्यावरील उन्हाची नसते. सत्रानंतर एस. टी.च्या प्रतीक्षेत उघड्यावर थांबावे लागत असेल तर छत्री, पूर्ण बाह्या व सनस्क्रीन यांचा वापर करावा.

ऐ) धीर धरावा : पहिली चिन्हे दिसण्यास दोन-तीन महिने लागू शकतात. सहा महिन्यांपूर्वी उपचार निरुपयोगी ठरवू नये.

दीर्घकालीन धोक्याचा प्रश्न साहजिकच विचारला जातो. पुवा उपचार मोठ्या संख्येने घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. नॅरोबँड यूव्हीबीबाबत असा स्पष्ट संबंध आजवरच्या अभ्यासांत दिसलेला नाही. तरीही एकूण सत्रांची नोंद ठेवणे व वर्षातून एकदा संपूर्ण त्वचा तपासून घेणे हा सावधपणा योग्यच होय. उपचार आणि टॅनिंग यांतील भेद येथेच आहे. एकात मोजलेला धोका आजाराच्या बदल्यात पत्करला जातो, तर दुसऱ्यात तो हौसेपायी.

७) जिल्ह्याचे ऊन आणि घरगुती प्रयोग :
बुलढाणा जिल्हा साधारण वीस-एकवीस उत्तर अक्षांशावर वसलेला आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात येथे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो व सावली पायांखाली नाहीशी होते. उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी अशा अक्षांशांवर अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अतितीव्र' श्रेणीत जातो. अजिंठ्याच्या डोंगरावरील बुलढाणा शहराची हवा मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील गावांपेक्षा थंड असते. पण थंड हवा म्हणजे सौम्य किरण नव्हे. साधा नियम असा की, सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड झाली की त्वचा झाकावी.

नळ्यांचा कक्ष सर्वत्र उपलब्ध नसल्याने सोरॅलेनचे द्रावण लावून ऊन घेण्याची पद्धत ग्रामीण भागात वापरली जाते. डॉक्टरांच्या सूचनेनुसार अल्प काळ ऊन घेतले तर ती उपयुक्त ठरते. अडचण ही की, सूर्याला मापक नाही. हिवाळ्यात सकाळी जे पाच मिनिटांचे ऊन सोसते, तेच एप्रिलमध्ये त्वचा सोलून काढते. बाजारातून आणलेले बावचीचे तेल किंवा चूर्ण लावून शेतात दिवसभर काम केले, तर मोठे फोड येऊ शकतात. इतकेच नव्हे, तर कोडात इजा झालेल्या जागी नवा डाग उमटण्याची प्रवृत्ती असते. डाग घालविण्यासाठी केलेला उपाय डाग वाढविणारा ठरतो, तो असा.

हल्ली हातात धरावयाचे छोटे दिवे ऑनलाइन विकत मिळतात. वैद्यकीय देखरेखीखाली ते दूरच्या रुग्णाला सोयीचे ठरू शकतात. परंतु 'यूव्ही लॅम्प' एवढ्या नावावर खरेदी करणे धोक्याचे आहे. जंतुनाशक नळी २५४ नॅनोमीटरची यूव्हीसी सोडते. ती कोडावरील उपचाराची नळी नव्हे. डोळ्यांवर पडल्यास काही तासांनी वाळू गेल्यासारखी तीव्र वेदना होते. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहणाऱ्याला रात्री होते तशीच. महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र व वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत लॅमिनार फ्लो यंत्रात हीच नळी असते. ती चालू असताना तेथे हात घालून काम करण्याची सवय अध्यापकांनी कटाक्षाने मोडून काढली पाहिजे.

८) रंगाचे सामाजिक ओझे :
कोड संसर्गजन्य नाही. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने वा विवाहाने पसरत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने तो होतो, या समजुतीलाही आधार नाही. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत साधारणपणे ०.५ ते २.५ टक्के लोकांना हा विकार असल्याचे आढळले आहे. एक हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात असे पाच ते पंचवीस विद्यार्थी असू शकतात. वर्गात ते सहसा दिसत नाहीत. कारण पूर्ण बाह्या, ओढणी आणि शेवटचा बाक यांच्या आड ते राहतात. सोयरीक जुळविताना मुलीच्या कोपरावरील एक ठिपका तिच्या पदवीपेक्षा मोठा ठरतो. 'पांढरे कोड' हा शब्दही कुष्ठाशी नाते सांगणारा वाटतो, म्हणून भीती दुणावते.

या भीतीविरुद्ध महाराष्ट्रात काम झाले आहे. पुण्यातील डॉ. माया तुळपुळे यांनी स्थापन केलेली 'श्वेता असोसिएशन' ही संस्था रुग्णांच्या स्वमदत गटांचे काम करते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (२००६) हा मराठी चित्रपट कोड असलेल्या तरुणीच्या जीवनावर आधारित आहे. दरवर्षी २५ जून हा जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो.

याच सामाजिक ओझ्याची दुसरी बाजू गोरेपणाच्या बाजारात दिसते. शेजारच्या अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना झालेली इजा त्वचा उजळविणाऱ्या स्थानिक क्रीममधील पाऱ्याशी निगडित असल्याचे २०२३ मध्ये प्रकाशात आले. पारा मेलॅनिनची निर्मिती रोखतो, म्हणून त्वचा उजळते. पण तोच त्वचेतून रक्तात व रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. पाश्चात्त्य तरुणी काळे होण्यासाठी पलंगावर झोपते आणि येथील तरुणी गोरे होण्यासाठी बिनलेबलची डबी विकत घेते. दोघींना विकला जातो तो स्वतःच्या रंगाविषयीचा असंतोषच.

९) महाविद्यालयाची भूमिका :
प्रकाशोपचाराचे यश यंत्राइतकेच नियमितपणावर अवलंबून असते. आठवड्यातून दोनदा, सलग सहा महिने, संग्रामपूर किंवा लोणारसारख्या टोकाच्या तालुक्यातून शहरातील केंद्रापर्यंत जाणे म्हणजे प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि चुकलेले तास. उपचार अर्धवट सुटण्यामागे अनेकदा औषधाचे अपयश नसून एस. टी.चे वेळापत्रक असते. २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातच तज्ज्ञ सेवा वाढण्याच्या दृष्टीने ही आश्वासक बाब आहे. दरम्यान महाविद्यालयांना काही गोष्टी विनाखर्च करता येतील. उपचाराच्या दिवसांची गैरहजेरी वैद्यकीय प्रमाणपत्रावर ग्राह्य धरणे, मैदानी सराव सकाळी दहाच्या आत वा सायंकाळी घेणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात त्वचारोगतज्ज्ञाचे व्याख्यान ठेवणे आणि श्रमदानाच्या वेळी सावलीचा नियम शिकविणे, या त्यांपैकी काही. भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला तरंगलांबी, रसायनशास्त्राच्या अध्यापकाला सोरॅलेन, गणिताच्या अध्यापकाला मात्रावाढ आणि समाजशास्त्राच्या अध्यापकाला रंगभेद शिकविण्यासाठी हा एकच विषय पुरेसा आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अतिनील किरण मित्रही नाहीत आणि शत्रूही नाहीत. त्यांचे स्वरूप तरंगलांबी, मात्रा व हेतू यांवरून ठरते. दुसरी, सौंदर्यासाठी टॅनिंग बेडचा वापर निर्धोक करता येत नाही; उपचारासाठी मात्र तीच किरणे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून व नोंद ठेवून, सुरक्षितपणे वापरता येतात. तिसरी, पांढरा डाग उपचाराने भरून येवो अथवा न येवो, तो असलेल्या विद्यार्थ्याचा वर्गातील पहिल्या बाकावरील अधिकार अबाधित राहिला पाहिजे. किरणांची मात्रा डॉक्टर ठरवील. हा अधिकार राखण्याचे काम अध्यापकाचे आहे.